तांबोळी सरांची करंडी

आमचा मॅनेजर खुराना पतियाळ्याचा. त्याच्या सात पिढ्यांत कुणी मराठी बोललं नसेल. पण दिवसातून चार वेळा तरी तो कुणाच्या तरी खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा, “अरे यार, इतना लंबा क्यों लिखा है? निवड लगा दे ना!” खुर्चीवर कधी बिहारचे सिन्हा असायचे, कधी चित्तरंजन पार्कची मिताली बॅनर्जी. तेही निमूटपणे ‘निवड’ लावायचे. मिताली तर एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होती, “पहले वगळ करो, फिर वाट, उसके बाद मोज.” मी शेजारी बसून चहा पीत होते, तो नाकात गेला.

ही करामत तांबोळी सरांची. शौकत तांबोळी, मूळचे मिरजेचे. दिल्लीत एका सरकारी संगणक केंद्रात त्यांची वीसेक वर्षं गेली होती. “तिथं मशीन थंड ठेवायला एसी होता,” ते म्हणायचे, “माणसं आपोआप थंड व्हायची.” मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते आमच्या खासगी कंपनीत आले. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या कुठे उगवायला लागल्या होत्या. आमचं ऑफिस टाइल्सच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर होतं. खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं, आणि वीज गेली की खालचा जनरेटर अशी बोंब ठोकायचा की शेजारच्या माणसाशीही चिठ्ठीवर बोलावं लागे. तिथं आम्ही वीस-बावीस जण जावा नावाची नवी भाषा अर्धीमुर्धी शिकून लोकांना प्रोग्रॅम लिहून देत होतो.

सर उंच, सडपातळ. कानावर पेन्सिल. आडनाव तांबोळी, पण पान खात नसत. मी एकदा विचारलंच. म्हणाले, “सुजाताबाई, लहानपणी इतकी पानं हाताळलीत की आता तोंडात घातलं तर दुकानात बसल्यासारखं वाटतं.” प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचे, तोही प्रिंटरच्या कडेला भोकं असलेल्या जुन्या कागदाच्या पाठीवर. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचे. “हे घरी सासूबाईंना वाचून दाखवा. त्यांना कळलं तर ठेवा, नाहीतर फाडा.” माझ्या सासूबाई आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरात राहत आणि टीव्हीचा रिमोटही त्यांना शत्रू वाटे. पण मी खरंच एकदा त्यांना वाचून दाखवलं. “यादी घे. ज्यांचं वय साठच्या वर, ते निवड. उरलेले परत ठेव.” सासूबाई म्हणाल्या, “मग यात कॉम्प्युटर कशाला हवा?” सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले.

मुद्दा साधा होता. कुठलाही प्रोग्रॅम घ्या, त्यात कशाची ना कशाची यादी असतेच. कामगारांची, पुस्तकांची, टायरांची. आणि यादीचं करायचं काय, तर तीच पाच-सहा कामं. काही निवडायचे, काही वगळायचे, गट पाडून वाटायचे, मोजायचे, प्रत्येकाला काहीतरी विचारायचं. आम्ही शहाणे ही कामं दर वेळी नव्यानं लिहायचो आणि दर वेळी नव्यानं चुकायचो. सरांनी ती एकदाच, नीट लिहिली आणि एका जागी ठेवली. त्या जागेचं नाव करंडी. आतल्या कामांची नावंही सगळी मराठी, रोमन लिपीत. खुरानानं सुरुवातीला आरडाओरडा केला होता, “तांबोळी साहब, क्लायंट क्या कहेगा?” सर म्हणाले, “क्लायंट कोड पढ़ता ही नहीं, खुराना साहब. वो सिर्फ गाली देता है, और वो बिल्कुल सही भाषा में देता है.”

माझी मुलगी दिल्लीत वाढलेली. तिनं एकदा मला विचारलं, “आई, करंडी म्हणजे?” मला लाज वाटली. आमच्या ऑफिसातल्या सिन्हांना माहीत होतं.

करंडीचे सरांनी काही कायदे केले होते. पहिला, करंडीला कळता कामा नये की आत आंबे आहेत की मोजे. तिचं काम फक्त निवडायचं. दुसरा, “एखादी गोष्ट पहिल्यांदा लिहाल तेव्हा लिहा, दुसऱ्यांदा लाजा, तिसऱ्यांदा करंडीत टाका.” आणि तिसरा, ज्यावर त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता. करंडीतली गोष्ट हवी असेल तर तिला हाक मारा. ती तुमच्याकडे येईल, काम करून जाईल. पण तिची नक्कल उतरवून आपल्या घरी नेऊ नका. “कॉल करो, कॉपी मत करो,” हे ते हिंदीत म्हणायचे, आणि इतक्या वेळा म्हणायचे की मिताली त्यांच्या मागे उभी राहून ओठ हलवून दाखवायची.

त्यांना हाक मारायची सवयच होती. आमची ऑफिसची बस मोतीबागेहून निघे आणि संध्याकाळी तिथंच सोडी. एकदा ड्रायव्हरनं परतताना डोकी मोजली, बरोबर चौदा भरली, आणि बस सोडली. धौला कुआँ आलं तरी मागची सीट गप्प कशी म्हणून सरांनी वळून पाहिलं, तर मिताली नाही. तिच्या जागी शोरूमचा चौकीदार बसलेला. त्याची पाळी संपली म्हणून तो आपला चढला होता. चौदा बरोबर भरली होती, बाई मात्र गुडगावात मोहरीच्या शेताकडे बघत गेटवर उभी होती. सरांनी बस मागे फिरवली. ड्रायव्हरची कटकट, बाकीच्यांची कुरकुर, काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दारात उभे राहून एकेकाचं नाव घ्यायला लागले. हातात जुनी यादी असे, पण तिच्यावर खुणा करत नसत. आलेल्याचं नाव दुसऱ्या कोऱ्या कागदावर लिहीत. आम्हाला शाळेत असल्यासारखं वाटे. आम्ही “हाज़िर जनाब” म्हणून त्यांची फिरकी घ्यायचो. ते हसायचे आणि नाव लिहायचे.

ही कोऱ्या कागदाची रीत त्यांच्या वडिलांची. मिरजेच्या दुकानात सकाळी पानांची चळत यायची. वडील एकेक पान उचलायचे, चांगलं उजवीकडे, डागाळलेलं डावीकडे. शेवटी मूळची चळत संपायची आणि दोन नव्या तयार व्हायच्या. चळतीतून नुसतं नासकं पान ओढून काढायला त्यांची सक्त मनाई होती. ओढलं की वरची सगळी पानं सरकतात, आणि नासक्याच्या शेजारचं पान बघायचं राहून जातं. करंडीतलं ‘वगळ’ सरांनी अगदी वडिलांसारखं लिहिलं होतं. जुन्या यादीला हात लावायचा नाही, नवी यादी करायची.

पण एक दिवस खुराना मागे लागला. क्लायंटची मशीनं जुनी, मेमरी कमी, दोन-दोन याद्या कशाला? एकाच यादीतून काढून टाका ना. सरांनी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी ते कंटाळले आणि ‘वगळ’ बदललं. आता ते जुन्या यादीतूनच नाव ओढून काढायला लागलं.

मला तेव्हा याचं काहीच वाटलं नाही. मी त्या दिवसांत फरीदाबादच्या एका कारखान्याचं काम करत होते. तिथं रंगकाम विभागातल्या कामगारांची वर्षातून एकदा छातीची तपासणी व्हायची. कामगारांच्या पटावरून सोडून गेलेले वगळायचे, आणि उरलेल्या प्रत्येकाला एक्स-रेची तारीख देऊन चिठ्ठी छापायची, एवढंच माझ्या प्रोग्रॅमचं काम. मला वाटलं, यादीवरून फिरतोच आहोत तर वगळणं आणि तारीख देणं एकाच फेरीत उरकू या. म्हणून मी करंडीतलं हे नवं ‘वगळ’ उचललं, माझ्या फाईलीत उतरवलं आणि त्यात तारखेच्या दोन ओळी घुसडल्या. सर आसपास नाहीत ना, हे आधी पाहिलं होतं. म्हणजे चूक आहे हे मला माहीत होतं.

दोन वर्षं गेली. मग एक पत्र आलं. दक्षिण दिल्लीतल्या एका वाचनालयाचं सभासदांचं काम आमच्याकडे होतं, त्यांनीच ते आमच्याकडे पाठवलं होतं. एका बाईंनी हिंदीत लिहिलेलं, चारच ओळी. “मेरे पति पिछली सर्दियों में नहीं रहे. मैंने आपको बताया था. फिर भी हर महीने उनके नाम का कार्ड आता है. डाकिया उनका नाम लेकर आवाज़ देता है.”

खुराना म्हणाला, “माफी लिख दो और नाम हाथ से हटा दो, चलो.” सरांनी वाचनालयाच्या सभासदांची यादी मागवली. मग त्यांनी विचारलं, “यांच्या वरचं नाव कुणाचं?”

वरच्या नावाचे गृहस्थही वारले होते. सरांनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. मिरजेच्या दुकानातली चूक त्यांच्या हातून झाली होती. वरचं नाव काढल्यावर खालचं नाव सरकून त्याच्या जागी आलं, आणि प्रोग्रॅम त्याला न बघता पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना फळ्यासमोर उभं केलं. “ये मेरी गलती है,” ते म्हणाले. खुरानाचं नाव त्यांनी घेतलं नाही. खुराना खिडकीतून मोहरीकडे बघत होता. करंडीचं ‘वगळ’ सात ठिकाणी वापरलं जात होतं, सात ठिकाणी चूक गेली होती. पण सर म्हणाले, “अच्छी बात ये है कि सातों ने हाक मारी है.” हाक मात्र मराठीतच. त्यांनी एकाच जागी चार ओळी बदलल्या, पुन्हा दोन चळतींची रीत आणली, आणि दुपारपर्यंत सातही क्लायंटांच्या फ्लॉप्या तयार झाल्या. ऑफिसात लग्नकार्य उरकल्यासारखी मोकळीक पसरली. कुणीतरी समोसे मागवले. त्या बाईंना सरांनी स्वतः पत्र लिहिलं, टाइप न करता, हातानं.

समोसा माझ्या हातातच राहिला. माझं आठवं होतं. मी हाक मारली नव्हती, नक्कल केली होती, आणि सरांनी करंडी दुरुस्त केली तरी माझ्या नकलेला त्याचा पत्ताही लागणार नव्हता. आणि माझ्या चुकीत कार्ड जास्तीचं जात नव्हतं. माझ्या दोन ओळींमुळे उलटंच घडत होतं. जो सोडून गेला त्याच्या खालच्या माणसाला तारीखच मिळत नव्हती. दोन वर्षं कुणाची तरी छाती कुणी तपासली नव्हती.

तो दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, मनात आलं की गुपचूप दुरुस्त करून टाकावं, कुणाला कळणार आहे? पण मग राहून गेलेल्यांचं काय? बसमध्ये सरांनी माझं नाव घेतलं तेव्हा माझ्या तोंडून “आले” निघेना. मोतीबागेला उतरल्यावर मी त्यांना थांबवलं आणि रस्त्यावरच सगळं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, याचा मला अजून राग येतो.

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “पट आहे का तुमच्याकडे?” आणि मग, “उद्या सकाळी फरीदाबादला जाऊ. खुरानाला मी सांगतो. तुम्ही घरी जा, जेवा.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मारुती व्हॅनमधून आम्ही गेलो. सर वाटेत कामाचं अक्षरही बोलले नाहीत. बदरपूरच्या फाटकात अर्धा तास अडकलो, तेव्हा बिल्किस वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दिलेली गुळपोळी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. “बिल्किसनं सांगितलंय, तुम्हाला आधी.” मी ती कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

कारखान्याच्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर होते, चौधरी. त्यांच्या टेबलावर आम्ही पट पसरला. सर सोडून गेलेल्यांच्या नावावर बोट ठेवत आणि मी त्याच्या खालचं नाव वाचत जाई. वाचलेलं नाव सर कोऱ्या कागदावर लिहीत. सात नावं निघाली. डॉक्टरांनी विचारलं, चूक कुणाची? मी तोंड उघडलं, पण त्याआधी सर म्हणाले, “हमारी.” तो शब्द ऐकून माझ्या पाठीवरचं ओझं अर्धं झालं. मग मी म्हटलं, “मेरी, सर.” डॉक्टरांनी चष्म्यातून आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं आणि त्या सातांना बोलवायला माणूस पाठवला.

एक्स-रे तिथल्या तिथं काढले. ओल्या फिल्मा तारेला लटकत होत्या आणि आम्ही बाकावर बसून होतो. मी मनात सगळ्या देवांना हाक मारत होते, सर डोळे मिटून ओठांत काहीतरी पुटपुटत होते. सहा जण साफ निघाले. एकेक नाव आलं की सर कागदावर त्याच्यापुढे लहानसा गोल काढत. सातवा रामसनेही, मोठ्या मिशांचा, पहिलवानी बांध्याचा. डॉक्टरांनी त्याची फिल्म उजेडाला धरली ती धरूनच ठेवली.

“यहाँ एक दाग है,” ते म्हणाले. रामसनेही मात्र आमच्याकडे बघून समजुतीनं सांगायला लागला, “मैं भी सोचता था मैडम, मुझे क्यों नहीं बुलाते. फिर सोचा, तगड़ा हूँ, इसलिए.”

थुंकी तपासायला गेली. तीन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. टी.बी., पण अगदी सुरुवात. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही, माणूस ठणठणीत होईल. “अच्छा हुआ आप आ गए,” ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि ऑफिसात सगळ्यांसमोर टेबलावर डोकं टेकून बसले. इतकं हलकं मला माझ्या मुलीच्या जन्मानंतरच वाटलं असेल. सर पाण्याचा ग्लास घेऊन आले. “आता ती नक्कल पुसा,” एवढंच म्हणाले. मी त्यांच्यासमोर पुसली आणि तिच्या जागी एक ओळ लिहिली, करंडीला हाक मारणारी. तारखांची फेरी वेगळी केली. सहा महिन्यांनी सर मला न सांगता फरीदाबादला जाऊन आले. परत येऊन म्हणाले, “मिशा आणखी वाढल्यात.”

पुढे कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली. नव्या साहेबांना मराठी नावं खपली नाहीत, ती बदलून इंग्रजी झाली. सर तोवर निवृत्त झाले होते, त्यांना मी ते कधी सांगितलं नाही. तसं आमचं भेटणं सुरूच होतं, मंडळाच्या निमित्तानं. आमच्या भागातलं मराठी मंडळ दर संक्रांतीला बस करून पानिपतला काला अंबला जायचं, आणि सर व बिल्किस वहिनी दर वर्षी असायचे. सरांच्या आजोबांचं म्हणणं होतं की त्यांच्या घरातला कुणीतरी तोफखान्याबरोबर तिथवर गेला होता. खरं-खोटं सर विचारत नसत. स्मारकापाशी दोन मिनिटं उभे राहत आणि मग वहिनींच्या डब्यातला तिळगूळ बसभर वाटत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथंच. त्यानंतर महिन्याभरात ते मुलाकडे मिरजेला कायमचे गेले. त्या वर्षी धुकं इतकं होतं की स्मारकापासून बस दिसत नव्हती. परतायची वेळ झाली तेव्हा मंडळाच्या चिटणीसांनी डोकी मोजायला सुरुवात केली. सरांनी त्यांच्या हातातून हळूच यादी घेतली. गुडघे गेले होते, काठी होती, तरी दारातच उभे राहिले. कानावरची पेन्सिल काढली, खिशातून कोरा कागद काढला आणि एकेक नाव घ्यायला लागले.

चिटणीसांनी आळसानं गेल्या वर्षीचीच यादी छापून आणली होती. मला ते बसमध्ये चढताच दिसलं होतं, आणि तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता. कारण त्या यादीत माझ्या नावाच्या वरचं नाव होतं बिल्किस तांबोळी. वहिनी दिवाळीनंतर गेल्या होत्या.

सर त्या ओळीपाशी आले आणि थांबले. चिटणीस चाचरत पुढे झाले, “सर, द्या, मी काट मारतो.” सरांनी मान हलवली. त्यांनी त्या नावावर अंगठा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. काट मारली नाही. मग अंगठा एक ओळ खाली घेतला, चष्मा नाकावर सारखा केला, आणि मला बसमध्ये समोर बसलेली पाहूनसुद्धा मोठ्यानं हाक मारली.

“सुजाताबाई!”

“आले, सर,” मी म्हटलं.

त्यांनी माझं नाव कोऱ्या कागदावर लिहिलं. मग पुढची सगळी नावं घेतली, एकही न गाळता. शेवटी कागदाची घडी करून खिशात ठेवली, काठी आत टाकली, आणि दांडीला धरून सावकाश पायरी चढत ड्रायव्हरला म्हणाले, “चलो भाई. सगळे आले.”